मैदान वर्षातले किती दिवस चालतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय, वय २६, घरी साडेचार एकर कोरडवाहू. खेळाचा धंदा येत्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढणार असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग रस्त्यालगतच्या अर्ध्या एकरात कर्ज काढून बॉक्स क्रिकेटचं टर्फ (जाळीने वेढलेलं, प्लास्टिकच्या गवताचं, तासाने भाड्याने द्यायचं मैदान) टाकावं, की अकॅडमी काढावी? आणि आपल्या भागात या धंद्याला खरंच भविष्य आहे का?

भाऊ, मी अमरावतीहून बी.पी.एड. करून गावाकडे परतलो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणी मैदान चालवतोय. कबड्डी, मैदानी खेळ आणि पोलीस भरतीची पोरं. मधली चार वर्षं स्पर्धांना कबड्डीची मॅट भाड्याने दिली, त्यात हात पोळले, ते पुढे सांगतो. या सगळ्या काळात जो कोणी तुमच्यासारखा विचारायला आला, त्याला मी एकच गोष्ट आधी विचारली आहे: तुमचं मैदान वर्षातले किती दिवस चालेल? खेळात पैसा आहे का, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तुम्ही वाचलेले आकडे खोटे नाहीत. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्याआधीच्या पाच वर्षांचे १६,३४७ कोटींना गेले होते. पाच वर्षांत जवळजवळ तिप्पट. पण हा पैसा कुठून आला तेही बघा. २०२२ च्या लिलावात टीव्हीचे हक्क एका कंपनीने घेतले, मोबाईलवरचे दुसरीने, आणि दोघांच्या चढाओढीत भाव चढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच दोन कंपन्या एकत्र आल्या. बाजारात दोन व्यापारी असले की कापसाला भाव मिळतो आणि एकच उरला की काय होतं, हे यवतमाळच्या माणसाला मी सांगायची गरज नाही. दुसरा मोठा झरा होता पैसे लावून खेळायच्या ॲपचा. भारतीय संघाच्या छातीवर नाव लावायला ड्रीम इलेव्हनने तीन वर्षांचे ३५८ कोटी कबूल केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने असल्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि काही दिवसांत तो करार संपला. संघाला नवा प्रायोजक मिळाला, कारण तो भारतीय क्रिकेट संघ आहे. फुटबॉलचं तसं झालं नाही. इंडियन सुपर लीगचा हंगाम जुलै २०२५ मध्ये करार लटकल्यामुळे थांबवावा लागला आणि खेळाडू, प्रशिक्षक, मैदानावरची माणसं महिनोन्‌महिने वाट बघत बसली.

म्हणून 'वाढणारच' हे गृहीत धरून कर्ज काढू नका. देशात २०२४ मध्ये खेळांच्या प्रायोजकत्वावर आणि जाहिरातींवर झालेल्या खर्चातले रुपयामागे पंच्याऐंशी पैसे एकट्या क्रिकेटला गेले, आणि क्रिकेटचा तो पैसा नागपूरच्या पुढे फारसा सरकत नाही. विदर्भाचा संघ २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी जिंकला. त्याचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. रणजीत खेळणाऱ्याला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळतं. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२५ च्या आयपीएलसाठी बंगळुरूने ११ कोटी दिले. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव आधी पोलिसात आणि सैन्यात जायची धडपड करत होता. तिथे जमलं नाही आणि पुढे तो भारतासाठी कसोटी खेळला. ही सगळी खरी माणसं आहेत. पण रणजीच्या संघात जागा पंधरा-सोळा. प्रो कबड्डीत संघ बारा, म्हणजे साऱ्या देशातून खेळणारी पोरं अडीचशेच्या आसपास. पवन सेहरावतला २०२३ मध्ये दोन कोटी साठ लाख मिळाले ते सगळ्यांना ठाऊक असतं. लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत नऊ लाख आहे, आणि त्या गटातही कितीतरी नावं विकली जात नाहीत, हे कुणी सांगत नाही. तुम्ही अकॅडमी काढली तर फ्लेक्सवर स्टार खेळाडूचा फोटो लावून पोरं गोळा करू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. पोराचा बाप तूर विकून फी भरतो.

आता खालचा पैसा. आपल्या भागात खेळाचा सर्वांत मोठा धंदा कोणता, तर पोलीस भरती. याला कुणी खेळ उद्योग म्हणत नाही, पण पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहा. रिफ्लेक्टर लावलेली जाकिटं घालून पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर पूर्ण २० गुण. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. शंभर मीटर आणि गोळाफेक धरून मैदानाचे एकूण ५० गुण. या पन्नास गुणांभोवती बूट विकणारे, मेस चालवणारे, खोल्या भाड्याने देणारे, लेखीचे क्लासवाले, असे किती संसार उभे आहेत ते मोजा.

माझ्याकडे एक मुलगी होती. गाव बारा किलोमीटरवर. पहिल्या दिवशी ८०० मीटरला तिने ३ मिनिटं ४२ सेकंद घेतले. पायात रबरी चप्पल. मी काही बोललो नाही, फक्त वहीत लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात ती जुने कॅनव्हासचे बूट घालून आली. ते भावाचे होते, पुढे चिंधी कोंबलेली. पोळ्यापर्यंत ती ३ मिनिटं ५ सेकंदांवर आली. चुन्याची फक्की मारलेल्या रेषेवर येऊन ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकायची आणि मान वर न करता विचारायची, "किती झाले सर?" त्या आकड्यासाठी ती रोज चोवीस किलोमीटर सायकल मारत होती. तुमच्या धंद्याचं गिऱ्हाईक हे आहे. ते रोज येतं. वर्षातले तीनशे दिवस येतं. टर्फवर येणारं गिऱ्हाईक असं नसतं.

टर्फचा हिशेब मांडूनच दाखवतो. आकडे तुमच्याकडच्या भावाने बदला, रीत तीच राहील. समजा पंधरा लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ३२,६०० रुपये. लाइट बिल, राखणदार, किरकोळ दुरुस्ती मिळून पंधरा हजार धरा. म्हणजे महिन्याला ४७,६००, वर्षाला पाच लाख एकाहत्तर हजार. तासाला पाचशे रुपये भाडं मिळालं तर वर्षाला ११४० तास विकायला हवेत. दिवसाला तीनच तास, असं वाटेल आणि इथेच माणूस फसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि प्लास्टिकचं गवत मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दिवसा त्यावर पाय ठेववत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच पेरणी आणि डवरणी. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत पोरं रात्रीपर्यंत वावरात असतात. उरले फार तर आठ महिने, तेही संध्याकाळी सहानंतर. त्या २४० रात्रींत ११४० तास विकायचे, म्हणजे रोज रात्री पावणेपाच तास, एकही रात्र रिकामी न जाता. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावात हे पहिलं वर्ष जमतं, नवलाई असते. दुसऱ्या वर्षी पलीकडच्या ले-आउटमध्ये दुसरं टर्फ पडतं आणि भाडं साडेतीनशेवर येतं. त्यात मान्सूनपूर्व वादळात जाळी फाटली तर तो खर्च वेगळा. सहा-आठ वर्षांत गवत बदलायची वेळ येते, तेव्हा कर्ज नुकतं फिटलेलं असतं.

नागपूर, अमरावती, अकोल्यात टर्फ चालतं, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला पगार येतो. आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा दिवाळीनंतर येतो, तोही सोयाबीन विकलं तर, कापसाचा भाव लागला तर. सोयाबीनचा हमीभाव कागदावर एक असतो (२०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये होता) आणि ज्या वर्षी व्यापारी देतो त्यापेक्षा कमी, त्या वर्षी माझ्याकडची फी उधारीत जाते. "कापूस विकला की देतो सर" हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो आणि बहुतेक जण देतातही. पण बँकेचा हप्ता कापसाची वाट बघत नाही. म्हणून आपल्या भागात खेळाचा धंदा उधारी सोसेल असाच उभारावा लागतो. म्हणजे भांडवल कमी, हप्ता नाहीच किंवा नावापुरता, आणि मुख्य गुंतवणूक आपल्या अंगातल्या मेहनतीची.

गावोगावच्या स्पर्धांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण तिथला पैसा डोळ्यांत भरतो. सरपंच चषक, आमदार चषक, ५५ किलो गट, खुला गट, पहिलं बक्षीस ५१ हजार. निवडणुकीच्या वर्षी अशा स्पर्धा पिकतात आणि पुढच्या वर्षी आटतात. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तसं सगळ्यांनाच मॅट हवी झाली. मी कर्ज काढून घेतली. तेरा बाय दहा मीटरचं मैदान, एक-एक मीटरचे तुकडे, सगळे ट्रॉलीत भरून गावोगाव न्यायचो. पहिल्या हिवाळ्यात तेवीस दिवस मॅट भाड्याने गेली. बाकीचे दिवस गोडाऊनमध्ये. दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेत आयोजकांनी बक्षिसाची रक्कम जाहीर केली आणि अंतिम सामना झाल्यावर प्रायोजक फोनच उचलेना. जिंकलेली पोरं रात्री दीड वाजता माझ्याच ट्रॉलीजवळ येऊन उभी राहिली, कारण ओळखीचा चेहरा माझा होता. माझं भाडं बुडालं त्याचं दुःख नाही. त्या पोरांना मी रिकाम्या हाताने जाताना पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिसऱ्या पावसाळ्यात उंदरांनी मॅटच्या कडा कुरतडल्या. चौथ्या वर्षी विकली. वर्षातले तेवीस दिवस चालणाऱ्या वस्तूवर बारा महिने व्याज भरलं, ही माझी चूक.

शंकरपटाचंही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचंही, तसंच आहे, आणि पट मला मनापासून आवडतो. तळेगाव दशासरचा पट असो की झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, धुरकरी (जोडी हाकणारा) कासरा सैल सोडतो आणि जोडी सुटते, त्या काही सेकंदांसाठी दहा गावं लोटतात. झाडीपट्टीत तर दिवसा पट, रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, जिलेबीपासून पाळण्यापर्यंत सगळं. वडसा भागातल्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत चालतो, त्यातल्या किती तारखा मंडई आणि पटाच्या निमित्ताने लागतात ते बघितलं की खेळाभोवती बाजार कसा उभा राहतो ते उमगतं. प्रेक्षकाकडून थेट फारसं न घेता गावाच्या अंगणात पैसा खेळता ठेवायची ही रीत आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होती. पण २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळेपर्यंत पट थांबले. पटाचे बैल सांभाळणाऱ्यांनी सात वर्षं त्यांना नुसतं खाऊ घातलं, किंवा विकलं. २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने कायदा कायम ठेवला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. गावाला एकत्र आणायला तीन दिवसांचा उत्सव हवाच. तुमचं पोट मात्र त्यावर टाकू नका.

मग काय करायचं? तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, जागा आणि पदवी. पदवीला आज बाजार आहे, पण तो सरकारी नोकरीत नाही. शाळांमधली क्रीडा शिक्षकांची भरती आटली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तरच अंशकालीन क्रीडा निदेशक, आणि आपल्या खेड्यातल्या किती शाळांत तेवढी मुलं उरली आहेत? म्हणजे शाळा आहे, पोरं आहेत, पटांगण आहे, आणि शिट्टी वाजवणारा माणूस नाही. मला सर्वांत मोठी संधी इथे दिसते. तालुक्यातल्या चार-पाच खासगी शाळा धरा, प्रत्येकीकडे आठवड्यातून दोन दिवस जा, महिन्याचं ठरवून घ्या. शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग असं वर गेलेल्या मुलाला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. पालकांना त्याचं मोल कळतं आणि संस्थाचालकाला फ्लेक्सवर लावायला फोटो मिळतो. सकाळी भरतीची बॅच, दुपारी शाळा, संध्याकाळी लहान मुलं. तुमची शिट्टी दिवसातून तीनदा वाजेल, तेव्हा मैदान चाललं असं म्हणायचं.

पतियाळाच्या एन.आय.एस.चा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून या. गावात त्याला वजन आहे, आणि खरं म्हणजे शिकायला मिळतं. पोरांचे गुडघे आणि नडग्या आपण अज्ञानाने किती बिघडवतो ते मला तिथे गेलेल्या सहकाऱ्यांकडून कळलं. डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर पळवणारे सर आपल्याकडे ढिगाने आहेत. पोरगं भरतीच्या दोन महिने आधी नडगी धरून बसतं आणि मग म्हणतात, नशीब नव्हतं. पंचांची परीक्षाही द्या. स्पर्धांच्या हंगामात पंचाला, गुणलेखकाला, यूट्यूबवर सामना दाखवणाऱ्या पोराला, माइकवर बोलणाऱ्याला रोजचे पैसे मिळतात. फार नाहीत, पण त्यासाठी कर्ज लागत नाही.

जर्सीचंही एक सांगण्यासारखं आहे. आपला पट्टा कापसाचा, अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतोय, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. पण खेळाडूची जर्सी पॉलिस्टरची असते, आपला कापूस तिच्यात नसतो. आज प्रत्येक गल्लीच्या संघाला नाव-नंबर छापलेली जर्सी हवी असते आणि ती छापून येते बाहेरून. तुमच्या गावात कुणी शिवणकाम करणाऱ्या ताई आणि एखादा डिझाइन येणारा पोरगा असेल, तर सब्लिमेशन छपाईचं (उष्णतेने कापडावर रंग उतरवणारं) एक यंत्र टर्फपेक्षा कितीतरी कमी भांडवलात चालतं. शाळांचे खेळाचे गणवेश मिळाले तर वर्षभर.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्नात आहे. त्याने सरकारी पैसा खेळात येईल, यात मला शंका नाही. पण तो आधी मोठ्या स्टेडियमांत जाईल. तालुक्यापर्यंत त्यातला जो ओघळ येईल तो क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकासाच्या अनुदानातून. त्यासाठी नोंदणी झालेली संस्था, जागेचे कागद आणि लेखापरीक्षण लागतं. ते आजच सुरू करा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन यंदाच्या अटी लेखी घ्या, चहाच्या टपरीवर ऐकलेल्या नकोत. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, तेही पोरांना नीट समजावून सांगा. कोणत्या पदाला कोणत्या स्तरावरची कामगिरी लागते ते वेगळं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते. पैसे देऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणारा दलाल तुमच्या मैदानाच्या फाटकाशी आला तर त्याला तिथूनच परत पाठवा. खोट्या कागदावर लागलेली नोकरी गेलेली मी पाहिली आहे. त्या घरात पुढे कुणी खेळाचं नावही काढलं नाही.

मुलींबद्दल सांगितलं नाही तर उत्तर अर्धं राहील. माझ्या मैदानावर पहिली आठ वर्षं मुली जेमतेम पाच-सहा असायच्या. मी समजायचो, घरचे पाठवत नाहीत. एका आईने सरळ विचारलं, "मास्तर, पोरीनं तीन घंटे काय करावं? आडोसा कुठं हाय?" त्या उन्हाळ्यात मी टिनाचं, आतून कडी लागेल असं संडास-बाथरूम बांधलं आणि फाटकापाशी एक दिवा लावला. पुढच्या दिवाळीला मुली तेवीस झाल्या. तुमच्याकडे पंधरा लाख उभे करायची तयारी असेल तर त्यातला पहिला पैसा इथे घाला, दुसरा बोअरला, तिसरा मुरूम आणि लाल माती टाकून जमीन सपाट करायला. ते झालं की फक्की आणि दोरी पुरते.

अकॅडमी टिकेल का, याचं उत्तर मी अमरावतीत रोज बघायचो. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ ला तिथली मंडळी बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि मल्लखांब दाखवून आली. त्यानंतर किती लाटा आल्या आणि गेल्या, पण आजही पहाटे तिथे कुणीतरी लंगोट कसून खांबाला तेल लावत असतो. संस्था त्या रोजच्या पहाटेवर उभी आहे.

भरतीच्या धंद्याची एक बोच माझ्या मनात कायम आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. २०२४ च्या भरतीत सतरा हजारांवर जागांना सतरा लाखांवर अर्ज होते. शंभरातलं एक. उरलेल्या नव्याण्णवांची फीही आपण घेतो. म्हणून मी दोन वर्षांपेक्षा जास्त कुणाला केवळ भरतीसाठी ठेवत नाही. त्यांच्यातूनच कुणी पंच होतो, कुणी शाळेत शिकवतो, एक जण जिममध्ये आहे, एकाने बुटांचं दुकान टाकलं. ती सायकलवाली मुलगी पोलीस झाली नाही, ३ सेकंदांनी राहिली. आज ती माझ्याकडे सकाळच्या मुलींच्या बॅचचं घड्याळ बघते आणि तिचा पगार मी फीच्या पहिल्या पैशातून देतो.

तुम्ही आता एवढंच करा. बँकेत जायच्या आधी गावातल्या शाळेच्या पटांगणावर परवानगी काढून साठ दिवस सकाळ-संध्याकाळ शिट्टी वाजवा. एक वही ठेवा. रोज किती आले, किती मुली, पाऊस होता का, कोणी पैसे दिले, कोणी उद्या देतो म्हणाला. फी ठेवा, थोडी का होईना, कारण फुकट येणाऱ्यांवरून अंदाज चुकतो. साठ दिवसांनी वही घेऊन माझ्याकडे या. तिच्यातले चाळीसाव्या दिवसानंतरचे आकडे बघू, आणि कर्ज किती झेपेल ते त्यावरून ठरवू. मी सकाळी नऊपर्यंत मैदानावर असतो.